अबरी, विसर्जन आणि आमची रद्दी

मुंबई-पुण्याकडील सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे एक नवी हौस शिरली आहे. सुटीच्या दिवशी एखाद्या सभागृहात उथळ तबके मांडतात. त्यांत दाटसर पाणी असते. त्यावर रंग शिंपडतात, दाभणाच्या टोकाने ते ओढून फुले-पाने काढतात आणि वर कागद टेकवून ती नक्षी अलगद उचलतात. या कलेस 'एब्रू' म्हणतात व ती तुर्की कला म्हणून शिकविली जाते. या नावात खोटे काही नाही. युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१४ साली तिची नोंद तुर्की कला म्हणूनच केली आहे. शिकणारी मंडळी आपापला कागद चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगतात. या हौसेविषयी आमची यत्किंचितही तक्रार नाही. हातांस रंग लागणे केव्हाही चांगलेच. आमची तक्रार आहे ती त्याच घराच्या माळ्याविषयी. तेथे पणजोबांच्या खतावण्या आणि आजोबांची पुस्तके पडलेली असतात. त्यांच्या पुठ्ठ्यांवर हीच कला धूळ खात असते. आणि घराची रंगसफेदी निघाली की पहिली गच्छंती होते ती त्यांची. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण इतक्या चपखलपणे क्वचितच लागू पडत असेल.

ही गोष्ट कोणाजवळ काढली, तर दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, "ही कला परक्यांची, आमचा तिच्याशी संबंध तो काय?" दुसरा पक्ष त्वेषाने म्हणतो, "छे! ही मुळात आमचीच. तुर्कांनी ती आमच्याकडून नेली." हे दोन्ही पक्ष परस्परांचे कट्टर वैरी असल्यासारखे दिसतात खरे, पण एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे: माळ्यावर चढून पुस्तक खाली काढण्याचे श्रम दोघांसही नकोत. परकी म्हटले म्हणजे जबाबदारी टळते आणि मुळात आमचीच म्हटले म्हणजे अभिमानानेच काम भागते. या दोन्ही पक्षांचा समाचार घेणे आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम कला कोणती ते नीट पाहू. पाण्यात डिंकासारखा पदार्थ भिजवून ते दाट करावयाचे. तुर्कस्तानात यासाठी काटेरी झुडपापासून निघणारा 'कित्रे' नावाचा डिंक वापरतात. जुन्या फारसी कृतींत मेथीच्या दाण्यांचा बुळबुळीत काढा सांगितला आहे. म्हणजे ज्या वस्तूवाचून आमच्या स्वयंपाकघराचे पान हालत नाही, तीच या कलेच्या मुळाशी होती. रंग बारीक वाटून त्यांत बैलाच्या पित्ताचे थेंब घालतात. पित्तामुळे रंग बुडत नाही, पसरतो आणि शेजारच्या रंगात मिसळत नाही. लालाच्या पोटात निळा आणि निळ्याच्या पोटात पांढरा असा तो आपापली कड राखून राहतो. पित्ताचे नाव ऐकून ज्यांना नाक मुरडावेसे वाटेल, त्यांनी देवळातील मृदंग कशाने मढवितात हे आधी आठवावे. रंग शिंपडण्याची कुंचली घोड्याच्या केसांची असून ती गुलाबाच्या काडीला बांधलेली असते. शिंपडून झाले की दाभणाने किंवा फणीने रंग हवे तसे वळवावयाचे आणि मग एकाच श्वासात कागद पाण्यावर निजवून उचलून घ्यावयाचा. पाण्यावरचे चित्र त्या एका कागदावर जाते आणि पाणी रिते होते. दुसरा कागद तसा कधीही निघत नाही. ही एकमेवता हाच या कलेचा प्राण आहे, आणि आमच्या पुढील सर्व प्रतिपादनाचा आधारही तोच आहे.

आता ती कोणाची? पाण्यावर शाई तरंगवून कागदावर उचलण्याची युक्ती जपानात बाराव्या शतकात प्रचारात होती. इराणात आणि मध्य आशियात दाट पाण्याची पद्धत वाढली. 'अब्र' म्हणजे ढग, त्यावरून ढगाळ कागद तो 'अबरी'. तुर्कस्तानात तिला 'एब्रू' म्हणू लागले आणि तेथे ती इतकी रुजली, की सतराव्या शतकात युरोपातील प्रवासी असा कागद 'तुर्की कागद' म्हणून घरी नेऊ लागले. पुढे युरोपियनांनी संगमरवराची उपमा योजून तिला आपले नाव दिले. तेव्हा 'मुळात आमचीच' या पक्षास इतिहासात आधार नाही. त्यांनी तो आग्रह सोडून द्यावा हे उत्तम. परंतु 'परकी' म्हणणाऱ्या पक्षाची स्थिती त्याहून बिकट आहे. कारण हा ढगाळ कागद दख्खनेत आला, येथेच राहिला आणि येथे त्याने जे केले ते अन्यत्र कोठेही केले नव्हते.

मुहंमद ताहिर नावाचा इराणी कारागीर दख्खनेत आल्याचे व त्याचे कागद येथून परत इराणात जात असल्याचे सांगितले जाते. विजापूरच्या चित्रशाळांतून सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात याच अबरीची चित्रे होऊ लागली. इस्तंबूलचा कारागीर अबरी करी ती बहुधा लेखनाला पार्श्वभूमी, चौकट किंवा अस्तर म्हणून. विजापूरच्या कारागिराने कागदाचे काही भाग झाकून ठेवले, उघड्या भागावर अबरी उचलली, आणि त्या ढगांतून माणसे व जनावरे घडविली. बरगड्या मोजून घ्याव्या असा मरतुकडा घोडा आणि त्याचा स्वार हा या चित्रांचा विशेष गाजलेला विषय आहे. रंगांच्या त्या वाहत्या लहरी हाडकुळ्या अंगावर अशा काही बसतात, की कातडीखालून प्राण निसटून चालला आहे असा भास व्हावा. हे चातुर्य कोणाचे? इराणचे बीज, विजापूरची माती आणि येथल्या कारागिराचा हात. ज्याला उत्पत्ती आणि उत्कर्ष यांतील भेद कळत नाही, त्याने कलेच्या मालकीहक्काचे दावे मांडू नयेत. आमची भाषादेखील उसन्या शब्दांवर जगली आहे. कागद, शाई, दप्तर, खतावणी, जमाखर्च यांतील फारसी-अरबी अंश निवडून काढू लागलो, तर आमच्या कारकुनास एक ओळ लिहिणेही अशक्य होईल.

विजापूर आज कर्नाटकात आहे. त्याचे आम्हांस काय, असा प्रश्न येथे कोणी करील. उत्तर पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक या लहान गावाकडे पाहून देता येईल. ज्या उत्तर कोकणच्या मुलखात हे गाव येते, तो १६३६ च्या तहाने निजामशाहीकडून आदिलशाहीकडे गेला. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, तोपर्यंत या बाजूचा वसूल आणि हिशेब विजापूरच्या नावाने चालत असे. ती चित्रे झाली त्याच सुमाराची ही गोष्ट आहे. सोळाव्या शतकातच पहिल्या इब्राहिम आदिलशहाने जमाखर्चाच्या दप्तरांत देशी भाषेस स्थान दिले होते. तेव्हा ज्या दरबारात अबरीचा घोडा रंगला, त्याच दरबाराच्या चाकरीत आमचे देशमुख, देशपांडे आणि कुळकर्णी मराठीत हिशेब लिहीत होते. राज्याच्या सरहद्दी बदलल्या म्हणून वारसा बदलत नाही. त्या चित्रांपैकी नमुने आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत, आणि २०१५ साली तेथे दख्खनच्या सुलतानांच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरले तेव्हा अबरीचा स्वतंत्र विचार झाला. दूरच्या लोकांनी ती जपली याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. मात्र हे आभार मानताना आमची मान थोडी खाली जावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.

पुढे अबरी चित्रांतून उतरून पुठ्ठ्यावर आली. युरोपात तिला एक व्यावहारिक उपयोगही सापडला होता. हिशेबाच्या मोठ्या वह्यांच्या कडा अबरीने रंगवीत. मधले पान कोणी फाडून काढले, तर कडेवरील लहर तुटे आणि लबाडी उघडी पडे. १७७५ साली अमेरिकेतील वसाहतींनी आपले चलन काढले, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिनने वीस डॉलरच्या नोटेसाठी एका कडेस अबरी असलेला कागद मिळवून दिला, कारण एकासारखी दुसरी न निघणारी नक्षी खोट्या नोटा करणाऱ्यास साधणार नव्हती. लॉरेन्स स्टर्न या इंग्रज कादंबरीकाराने १७६१ मध्ये आपल्या 'ट्रिस्ट्रम शँडी'च्या तिसऱ्या भागात एक संपूर्ण पान अबरीचेच घातले. त्यामुळे त्या आवृत्तीच्या प्रत्येक प्रतीतील ते पान निराळे ठरले. छापखान्याच्या एकसारखेपणावर हाताने केलेल्या कामाचा तो एक मिस्कील सूड होता. एकोणिसाव्या शतकात हीच बांधणी इंग्रजांबरोबर मुंबईस आली. पाठीस व कोपऱ्यांस चामडे आणि उरलेल्या पुठ्ठ्यावर अबरी, अशी ती अर्धचामडी बांधणी आमच्या जुन्या वाचनालयांत वावरलेल्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे. 'अबरी' हा शब्द मात्र तिच्याबरोबर आणावा लागला नाही. तो आमच्याजवळ पूर्वीपासून होता.

आता या वारशाचे आम्ही काय चालविले आहे ते पाहा. एखाद्या वाचनालयास अनुदान मिळते आणि जुन्या ग्रंथांची 'दुरुस्ती' निघते. बाइंडरास ठोक भावाने काम दिले जाते. तो पुठ्ठे उपटतो, अस्तराचे कागद ओरबाडतो, तिन्ही कडा यंत्राखाली कापतो आणि सर्व ग्रंथांस एकाच रंगाचे रेक्झिन चढवितो. समितीचे सदस्य येऊन पाहतात व कपाट कसे एकसारखे दिसू लागले म्हणून समाधान पावतात. बाइंडरास आम्ही दोष देत नाही. त्याला जे सांगितले ते त्याने केले. दोष सांगणाऱ्याचा आहे. घरोघरीही हाच न्याय चालतो. पुस्तक फाटले तर वरचा पुठ्ठा फेकून आतला मजकूर ठेवावयाचा, आणि वही असेल तर दोन्ही फेकून द्यावयाची.

येथे एक आधुनिक युक्तिवाद पुढे येतो. ग्रंथांची छायाचित्रे घेऊन ती संगणकात साठविण्याची सोय आता झाली आहे. मजकूर सुरक्षित झाला. मग कागदाच्या जुनाट देहाचा मोह कशास? हा युक्तिवाद करणारे गृहस्थ ग्रंथ म्हणजे केवळ मजकूर असे गृहीत धरतात. मजकुराच्या प्रती अनेक असतात. एका ठिकाणची जळली तर दुसऱ्या ठिकाणची मिळते. अबरीचा कागद मात्र जन्मतःच एकटा असतो. जो गेला तो गेला. शिवाय छायाचित्र घेताना पुष्कळदा मुखपृष्ठापासून आरंभ करून शेवटच्या छापील पानाशी थांबतात. कोरी पाने, अस्तर आणि कडा यांत वाचण्यासारखे काही नाही म्हणून ती वगळली जातात. कागद कोठला, खळ कशाची, बांधणी कोणत्या तऱ्हेची, ग्रंथ कोणत्या हातांतून गेला, हे ज्या भागांवरून कळावयाचे तेच भाग नेमके सुटतात. आपल्या वडिलांचे पत्र नकलून घेतले म्हणून मूळ पत्र चुलीत घालणारा मुलगा आम्हांस अजून भेटावयाचा आहे. मग वडिलांच्या वहीच्या बाबतीत हा न्याय कोठून आला?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि त्याचे उत्तर अधिक आदराने दिले पाहिजे. तो असा: आमची संस्कृती वस्तू साठविणारी नाही, विसर्जन करणारी आहे. आम्ही गणपती बसवितो आणि बुडवितो. रांगोळी काढतो आणि पुसतो. जीर्ण पोथी नदीत सोडतो. परदेशीयांनी संग्रहालये भरावी. आम्ही अनित्यता जाणतो. या आक्षेपास गागोद्याचीच साक्ष काढता येईल. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म येथे झाला. त्यांचे आजोबा शंभुराव यांच्या वेळी घरी गणपतीची मूर्ती घडे, मुले हातभार लावीत, पूजा होई, आणि ठरल्या दिवशी ज्या मूर्तीवर जीव जडला तिचेच विसर्जन करावे लागे. विनोबांनी ही आठवण सांगितली आहे आणि तीत आवाहन व विसर्जन या दोहोंचा धडा पाहिला आहे. एवढेच काय, तरुणपणी स्वतः रचलेल्या कविता त्यांनी अग्नीला आणि काशीस असताना गंगेला अर्पण केल्या. मग आमच्या वाचकांनी दोन जुन्या वह्या खाडीत सोडल्या तर बिघडले कोठे?

बिघडते ते असे. गणपतीचे विसर्जन होते त्याच क्षणी 'पुढच्या वर्षी लवकर या' असे म्हटले जाते, आणि हे म्हणणे पोकळ नसते. त्या गर्जनेमागे पेणचे मूर्तिकार उभे असतात. माती कशी मळावी, साच्यातून मूर्ती कशी काढावी, डोळे कसे आखावे हे ज्यांच्या बोटांना ठाऊक आहे, असे शेकडो हात त्या एका गावात आणि आसपासच्या वाड्यांत आहेत. मूर्ती बुडते, मूर्ती घडविण्याची विद्या काठावर राहते. रांगोळी पुसली जाते, कारण ती उद्या काढणारी मुलगी घरात आहे. कविता गंगेला दिली, ती देणारा स्वतः कवी होता आणि वस्तू त्याची स्वतःची होती. आपले अर्पण करणे याचे नाव त्याग. दुसऱ्याच्या हातचे फेकून देणे याला त्याग म्हणण्याची चाल आम्हांस ठाऊक नाही. विसर्जनाचा अधिकार ज्याला पुन्हा घडविता येते त्याचा आहे. ज्या दिवशी घडविणारा हात नाहीसा होतो, त्या दिवशी विसर्जन हा विधी राहत नाही. तो केवळ नाश होतो आणि त्याला धर्माचे नाव देणे ही शुद्ध आत्मवंचना होय. आज आमच्या गावांत अबरीचा कागद उचलणारा हात किती जणांस दाखविता येईल? मेथीचा काढा किती दाट हवा हे सांगणारी म्हातारी कोठे आहे? मग आम्ही कोणत्या अधिकाराने तिचे विसर्जन करतो?

तुर्कांची गोष्ट येथे बोधप्रद आहे. त्यांच्या देशातही ही कला विसाव्या शतकात अगदी मोजक्या हातांत उरली होती. ती टिकली ती अभिमानाच्या व्याख्यानांनी टिकली नाही. नेज्मेद्दीन ओक्याय (१८८३-१९७६) यांनी ती गुरूकडून घेतली, तीत फुलांच्या आकृतींची भर घातली आणि शिष्यांस दिली. त्या शिष्यांपैकी मुस्तफा द्यूझगुन्मान (१९२०-१९९०) हे उस्कुदार येथे वडिलोपार्जित काष्ठौषधींचे दुकान चालवून ती करीत राहिले आणि त्यांनी पुढची पिढी तयार केली. युनेस्कोची नोंद या सर्वांच्या नंतर आली. आधी हात, मग सन्मान, हा क्रम आहे. आमच्याकडे सन्मानाची मागणी प्रथम होते, आणि हातांचा विचार बहुधा होतच नाही.

तेव्हा करावयाचे काय? आम्ही सरकारकडे निधी मागत नाही की नवी संस्था काढा म्हणत नाही. जे करावयाचे ते प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाच्या आवाक्यातले आहे. पहिली गोष्ट, माळ्यावरील वही रद्दीत देण्यापूर्वी उघडून पाहावी. अबरीचा पुठ्ठा किंवा अस्तर दिसले तर ती दिवसभर सावलीत वाऱ्यावर ठेवावी, कसर झटकावी आणि धुतलेल्या सुती कापडात बांधावी. आमच्या जुन्या दप्तरांचे रुमाल याच युक्तीने शतके टिकले. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र ती कोंबू नये. कोकणच्या पावसाळ्यात आत दमट हवा कोंडून बुरशी धरते. दुसरी गोष्ट, पुस्तक बांधावयास देताना बाइंडरास स्पष्ट सांगावे की जुना पुठ्ठा व अस्तर राखावयाचे आहे, कडा कापावयाच्या नाहीत. त्याला चार रुपये अधिक द्यावे लागतील, ते द्यावेत. तिसरी गोष्ट वाचनालयांच्या चालकांसाठी: ज्या ग्रंथाची बांधणी बदलणे अटळच असेल त्याचे काढलेले पुठ्ठे पाकिटात घालून ग्रंथाच्या क्रमांकासह ठेवावेत.

चौथी गोष्ट शिकणाऱ्यांसाठी, आणि येथे आम्ही त्या सुटीच्या दिवशीच्या हौशी मंडळींकडे परत वळतो. त्यांचे हात हीच आज आमची आशा आहे. त्यांनी तुर्की पद्धत अवश्य शिकावी, परंतु तेथेच थांबू नये. दौलताबादेजवळ कागजीपुरा हे हातकागदाचे जुने गाव आहे. जुन्नरी आणि दौलताबादी कागदावर आमची दप्तरे लिहिली गेली. वर्ध्यास १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा हातकागद हा त्याच्या कार्याचा भाग होता. पुण्याची हातकागद संस्था १९४० सालची आहे. कागद आमच्याजवळ आहे, मेथी घरात आहे, रंग बाजारात आहेत. विजापूरचा कारागीर कागदाचा भाग झाकून चित्र कसे उचलीत असे, हे करून पाहणारी दहा माणसे जरी निघाली, तरी दिवाणखान्यातील चौकटीस काही अर्थ येईल.

आणि अशी दहा माणसे निघाली, त्यांनी आणखी शंभर जणांस शिकविले, अबरी पुन्हा आमच्या गावोगावी होऊ लागली, म्हणजे मग जीर्ण वह्यांचे खुशाल विसर्जन करावे. आम्ही आड येणार नाही. तोपर्यंत मात्र त्या वहीवर हक्क सांगताना आणि तिच्यावर पाणी सोडताना आमच्या वाचकांनी एक प्रश्न स्वतःस विचारावा: पुढच्या वर्षी ही परत येईल काय? उत्तर 'नाही' असे असेल, तर ती वही कापडात बांधून कपाटात ठेवणे हेच तूर्त आपले कर्तव्य होय.